बाटलीतलं वादळ आणि शिंगाचं पुस्तक

मराठीत टोर्नेडोला धड शब्द नाही. वावटळ म्हणावं तर डोळ्यांसमोर येते ती एप्रिलच्या भर दुपारी मैदानातला पालापाचोळा आणि एखादी प्लास्टिकची पिशवी गरगर फिरवत नेणारी, मिनिटभरात दमून बसणारी. तिला कोणी घाबरत नाही, उलट पोरं तिच्यात शिरायला धावतात. मग वर्तमानपत्रं काय करतात, तर सरळ 'चक्रीवादळ' लिहून मोकळी होतात. अमेरिकेत ओक्लाहोमात झालं तेही चक्रीवादळ आणि ३ जून २०२० ला आमच्या दापोलीची दैना केली तेही चक्रीवादळ!

आता शब्द एक असला म्हणून वस्तू एक होत नाही, हे मोठ्यांना कळतं. (खरं तर त्यांनाही फारसं कळत नाही, पण ते असो.) दुसरी-तिसरीतल्या पोरांचं काय?

हा विषय डोक्यात शिरला तो आमच्या वहिनीमुळे. ती तालुक्यातल्या एका लहानशा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आधी कोरोना, मग निसर्ग, मग पुन्हा कोरोना, असं सगळं होऊन २०२२ च्या जूनमध्ये शाळा एकदाची नेहमीसारखी भरली. चौथीत जी मुलं होती ती वादळ झालं तेव्हा दुसरीच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे सगळं आठवण्याइतकी मोठी आणि काहीच न समजण्याइतकी लहान. पहिल्याच आठवड्यात पाऊस जोराचा आला, वर्‍हांड्याचा पत्रा वाजायला लागला आणि एक मुलगी उठून टेबलाखाली जाऊन बसली. कोणी हसलं नाही. दोघं-तिघं तिच्या शेजारी जाऊन बसली म्हणे.

वहिनीने मला फोन केला. "भावजी, तुम्ही एक दिवस या हो. यांना वादळ समजावून सांगायचंय. माझ्याकडे व्हिडिओ आहेत, पण ते सगळे भलतेच."

भलतेच म्हणजे कसे ते गेल्यावर कळलं. शाळेत प्रोजेक्टर आहे, वीज असली की चालतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलवर धरला की काही ना काही उघडतं. पण 'मुलांसाठी वादळ' असं शोधलं की जे समोर येतं त्यातलं निम्म्याहून जास्त अमेरिकन शाळांसाठी केलेलं, आणि तिथे पोरांना शिकवायचं वादळ म्हणजे टोर्नेडो. सपाट मैदान, काळा ढग, त्यातून उतरलेली सोंड. त्यांचा सगळ्यात लाडका प्रयोग म्हणजे दोन बाटल्यांचा. बिसलेरीच्या दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून जोडायच्या, एकीत पाणी, उलटं करून गोल हिसका द्यायचा. आत झकास भोवरा तयार होतो आणि पाणी खाली उतरतं.

प्रयोग आम्हीही केला. का नाही करायचा? झाकणांना भोकं पाडून एम-सीलने चिकटवली, पाण्यात थोडं कुंकू घातलं. पोरं खूष. बाटली प्रत्येकाच्या हातातून दोनदा फिरली. आणि मग एका मुलाने विचारलं, "पण काका, निसर्ग असं वरनं खाली नव्हतं आलं. ते आडवं आलं."

बरोबर. अगदी बरोबर. टोर्नेडो काही दहा-वीस मीटरपासून फार तर दोन-चार किलोमीटर रुंदीचा, मेघगर्जनेच्या एका ढगाला लटकलेला, बहुतेक वेळा काही मिनिटांत संपणारा. आमचं वादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं, समुद्राच्या गरम पाण्यावर पोसलेलं, दिवसेंदिवस चालणारं. टोर्नेडो डोळ्यांनी दिसतो. चक्रीवादळ आत उभ्या असलेल्या माणसाला दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त वारा, पाऊस आणि हलणारं झाड. ते गोल आहे हे जमिनीवरून कधीच कळत नाही.

(आपल्याकडे टोर्नेडो होतच नाहीत असं मात्र नाही हं. ८ एप्रिल १८३८ ला कलकत्त्याच्या पूर्वेला झालेल्या टोर्नेडोची तपशीलवार नोंद आहे. १७ मार्च १९७८ ला उत्तर दिल्लीत एक होऊन गेला. आणि २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात दौलतपूर-सटुरिया भागात झाला तो जगातला सगळ्यात जास्त माणसं मारणारा मानतात, सुमारे तेराशे. पण कोकणातल्या पोराला भीती वाटायची ती याची नव्हे.)

तर मंडळी, प्रश्न असा, की जी गोष्ट आत उभं राहून दिसत नाही ती गोल आहे हे माणसाला कळलं तरी कधी आणि कसं? उपग्रहाचं चित्र दाखवणं सोपं आहे. आम्ही निसर्गचंही दाखवलं, पांढर्‍या ढगांचं वेटोळं आणि त्याखाली कुठे तरी आपण. पोरांनी बघितलं, "हां" म्हणाली आणि विसरली. ते चित्र आणि घरावर पडलेला फणस यांचा संबंध त्यांना लागला नाही. मग मी ठरवलं की उपग्रह नव्हते तेव्हा लोकांनी जसं शोधलं तसंच यांनाही शोधायला लावावं. इतिहासाचा हा एक फायदा असतो. पहिल्यांदा कोणाला तरी अडलेलं असतं, आणि ते नेमकं तिथेच अडलेलं असतं जिथे आज मूल अडतं.

सुरुवात करावी ती विल्यम रेडफिल्डपासून. हा अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा, धंद्याने खोगिरं आणि चामड्याचं सामान बनवणारा. कॉलेजचं तोंड न पाहिलेला. सप्टेंबर १८२१ मध्ये तिकडे मोठं वादळ झालं. त्यानंतर हा प्रवासाला निघाला असता त्याला दिसलं की त्याच्या गावाजवळची झाडं पडलीत ती शेंडे वायव्येकडे करून, आणि साठ-सत्तर मैल पश्चिमेला गेल्यावर झाडं पडलीत ती नेमकी उलटी, आग्नेयेकडे शेंडे करून. एकच वादळ, एकच रात्र आणि वारे समोरासमोरचे? त्याने निष्कर्ष काढला की ही एक प्रचंड मोठी वावटळ असली पाहिजे. हे छापायला त्याने दहा वर्षं घेतली, १८३१ साली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पडलेली झाडं हजारोंनी पाहिली असतील, शेंडे कुठे आहेत ते याने पाहिलं.

आणि पडलेली झाडं म्हणाल तर आमच्याइतकी कोणाकडे आहेत! मुरुड, आंजर्ले, केळशी, हर्णै, सगळ्या किनार्‍याच्या आगरांत सुपार्‍या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या होत्या. माड गेले, आंबे-काजू मुळासकट उपटले गेले. सुपारी लावल्यावर हाताशी यायला पाच-सहा वर्षं तरी जातात, म्हणजे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं उत्पन्न त्या एका दुपारी पाच-सहा वर्षं पुढे ढकललं गेलं. हे पोरांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांना घरात ऐकून माहीत असतं.

आम्ही गृहपाठ दिला: घरी विचारून या, कुठलं झाड, कुठल्या दिशेला पडलं, आणि जमलं तर सकाळी की दुपारी. आजोबा-आजींना यापेक्षा आवडता प्रश्न कुठला असणार! दुसर्‍या दिवशी वह्या भरून आल्या. एका आजीने तर नातवाबरोबर स्वतः शाळेत येऊन सांगितलं. फळ्यावर होकायंत्र काढून प्रत्येक झाडासाठी एक बाण काढला. अर्थात सगळे बाण शहाण्यासारखे वागले नाहीत. आमच्याकडे डोंगर आहेत, घळी आहेत, वारा खोर्‍यातून वळून येतो, आणि आधीच कललेलं झाड कललेल्या बाजूलाच पडतं. पण बहुसंख्य शेंडे उत्तरेकडे नि ईशान्येकडे होते. म्हणजे वारा दक्षिणेचा, नैर्ऋत्येचा. एक मुलगा मात्र हिरमुसला होता. "आमचा माड उलटाच पडलाय. पूर्वेला. आणि सगळ्यात शेवटी पडला."

त्याला म्हटलं, थांब, तुझा माड सगळ्यात कामाचा आहे.

इथे येतो माझा आवडता हेन्री पिडिंग्टन. जन्म १७९७, इंग्रज, आधी व्यापारी जहाजांवर कप्तान, मग कलकत्त्यात स्थायिक. तिथल्या आर्थिक भूविज्ञानाच्या संग्रहालयाचा क्युरेटर. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने वादळांवर लेखांची मालिकाच लिहिली. पद्धत साधी: वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या, अमुक वाजता अमुक जागी वारा कुठून होता ते नकाशावर मांडायचं. रेडफिल्डची झाडं जागच्या जागी होती, याची 'झाडं' समुद्रावर तरंगत होती एवढाच फरक. या वादळांना नाव हवं म्हणून ग्रीक भाषेतून, वर्तुळ किंवा सापाचं वेटोळं या अर्थाचा शब्द घेऊन, 'सायक्लोन' हा शब्द त्याने घडवला. आज जगभर टीव्हीवर ऐकू येणारा हा शब्द कलकत्त्यात जन्मला आहे!

१८४८ साली त्याने खलाशांसाठी पुस्तक काढलं, 'सेलर्स हॉर्न-बुक'. या नावातच गंमत आहे. हॉर्न-बुक म्हणजे जुन्या इंग्लंडातल्या पोरांची अंकलिपी. लाकडी फळीवर अक्षरांचा कागद, आणि तो हाताळून फाटू नये म्हणून वर जनावराच्या शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. आपली धूळपाटी तशी त्यांची शिंगपाटी म्हणा. पिडिंग्टन खलाशांना सांगत होता की बाबांनो, ही तुमची वादळांची अंकलिपी. पण त्याने शब्दाचा दुसरा अर्थही खरा केला. पुस्तकाबरोबर शिंगाच्या पारदर्शक चकत्या दिल्या, त्यांवर वर्तुळं आणि वार्‍याच्या दिशेचे बाण. उत्तर गोलार्धासाठी एक, दक्षिणेसाठी एक. चकती नकाशावर ठेवायची, आपल्या जहाजावर जो वारा आहे तो बाण जहाजाच्या जागेवर येईपर्यंत सरकवायची, की चकतीचा मध्य म्हणजे वादळाचा मध्य. तिथून लांब पळायचं.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं हे 'ॲप'च की. चार्जिंगची कटकट नाही.

आम्हाला शिंग कुठून मिळणार? वहीला घालायचं जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं, परकराने एकात एक चार वर्तुळं काढली आणि सीडीवर लिहायच्या मार्करने त्यांवर बाण, घड्याळाच्या उलट दिशेने. किनार्‍याचा नकाशा मोठा करून छापून आणला, रत्नागिरीपासून अलिबागपर्यंत. दापोलीवर वहिनीने आपल्या पाकिटातली लाल टिकली लावली. मग हवामान खात्याने नोंदवलेला निसर्गचा रस्ता पेन्सिलीने काढला: नैर्ऋत्येकडून वर येत, ३ जूनला दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. दिवेआगर आमच्यापासून सरळ रेषेत साधारण पन्नास किलोमीटर, उत्तर-वायव्येला.

आणि चकती त्या रस्त्यावरून हळूहळू सरकवायला लावली. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न: टिकलीवर कुठला बाण आला?

सकाळी वादळ आपल्या नैर्ऋत्येला, टिकलीवर आग्नेयेचा वारा. चकती वर सरकली, पश्चिमेला आली, वारा दक्षिणेचा. आणखी वर, वायव्येला, वारा नैर्ऋत्येचा. शेवटी वादळ आपल्या उत्तरेला निघून गेलं आणि टिकलीवर आला पश्चिमेचा बाण.

"म्हणजे माझा माड!" पश्चिमेच्या वार्‍याने पूर्वेला पडलेला, सगळ्यात शेवटी. तो मुलगा जागेवरून उठून फळ्यापाशी गेला आणि आपल्या बाणाभोवती त्याने गोल काढला. वर्गात त्यानंतर जो काय गोंधळ झाला तो वहिनीने अजिबात आवरला नाही. प्रत्येकाला चकती सरकवून आपापलं झाड 'पाडायचं' होतं.

टेबलाखाली बसणारी मुलगी चकती बराच वेळ सोडायला तयार नव्हती. ती वादळ मागे नेत होती, पुन्हा समुद्रात. मग पुन्हा पुढे. मग पुन्हा समुद्रात. आम्ही काही बोललो नाही.

पिडिंग्टनची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला उद्देशून लिहिलं, की सुंदरबनात मातला नदीवर तुम्ही नवं बंदर बांधताय ते वादळाच्या लाटेने एक दिवस बुडेल. कोणी ऐकलं नाही. बंदर बांधलं, त्याला कॅनिंग नाव दिलं. १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झालं आणि पुढे सोडूनच द्यावं लागलं. पिडिंग्टन हे बघायला नव्हता, तो १८५८ मध्येच वारला. (अगदीच अवांतर: त्याच वर्षी आमच्या मुरुडचे महर्षी कर्वे जन्मले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण दापोलीकराला अशी नोंद केल्याशिवाय राहवत नाही.)

शाळेत मोकळं मैदान होतं, तेव्हा डच माणूस बाईस बॅलट याचा १८५७ चा नियमही करून पाहिला. वार्‍याकडे पाठ करून उभं राहा, डावा हात सरळ बाजूला पसरा. कमी दाबाची जागा त्या हाताच्या बाजूला, थोडी पुढे. आपल्या गोलार्धात हे चालतं, विषुववृत्ताखाली उलटं. जूनचा वारा नैर्ऋत्येचा होता. सगळी शाळा ईशान्येकडे तोंड करून उभी आणि सगळ्यांचे डावे हात वायव्येला, राजस्थान-सिंधच्या वाळवंटाकडे. आणि खरंच, पावसाळी वार्‍याला ओढून घेणारा कमी दाबाचा पट्टा तिकडेच असतो! म्हणजे निसर्गसाठी केलेला खेळ मान्सूनलाही लागू पडला. इथे एका मुलाने मोरीतलं पाणी कुठल्या बाजूने फिरतं त्याचा संबंध पृथ्वीच्या फिरण्याशी जोडला, कारण व्हिडिओत तसं सांगितलं होतं. ते खोटं आहे. मोरीतलं पाणी मोरीच्या आकाराप्रमाणे आणि तुम्ही बादली कशी ओतली त्याप्रमाणे फिरतं. पृथ्वीला एवढ्याशा पाण्याकडे बघायला वेळ नसतो.

व्हिडिओंवरून आठवलं. मोबाईलवर पोरांना 'महाराष्ट्रातली जुनी वादळं' शोधायला दिली. सापडली ती अशी: ११ नोव्हेंबर २००९ चं फयान, त्यात कितीतरी मच्छीमार गेले, किनार्‍यावरच्या घरांत अजून जखम ओली आहे. १९४८ च्या नोव्हेंबरातलं मुंबईचं. आणि सगळ्यांत ठळक अक्षरात, ६ जून १८८२ चं मुंबईचं वादळ, मेलेले एक लाखाहून जास्त! ही माहिती वर्षानुवर्षं जगभरच्या याद्यांतून फिरते आहे. आणि असं वादळ झालेलंच नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांत, सरकारी अहवालांत त्याचा मागमूस नाही. अमिताव घोष यांनीही याचा शोध घेऊन हेच लिहिलं आहे. वहिनीने यावर गणिताचा तास काढला. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७ लाख ७३ हजार. त्यातले लाख म्हणजे जवळजवळ आठातला एक. वर्गात आठ-आठ जणांचे गट करून प्रत्येक गटातल्या एकाला खाली बसवलं. "एवढी माणसं गेली तर कोणी लिहून ठेवणार नाही का?" चौथीच्या पोरांनी जे विचारलं ते मोठमोठ्या ग्रंथांच्या लेखकांना सुचलं नव्हतं.

खरं मोठं वादळ झालं ते ५ ऑक्टोबर १८६४ ला, कलकत्त्यात. पन्नास हजारांवर माणसं गेली. त्यानंतर १८६५ पासून कलकत्ता बंदरात वादळाची सूचना द्यायला सुरुवात झाली आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्डच्या हाताखाली भारताचं हवामान खातं उभं राहिलं. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती, पण एका जागची वेधशाळा म्हणजे एकच झाड. दिशा कळायला खूप झाडं लागतात आणि ती एकमेकांशी तारेने जोडलेली असावी लागतात.

त्यातून आले ते बंदरांवरचे बावटे. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे हर्णैच्या पोराला मी काय सांगणार, त्यानेच मला सांगावं. पण एक ते अकरा सगळे नंबर त्यांना ठाऊक नव्हते. दिवसा काळे शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. एक-दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात, तीन-चार म्हणजे बंदरावर खराब हवा, पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका. कार्डबोर्डचे शंकू करून पोरांनी खिडकीच्या गजाला टांगले.

"आणि अकरा?"

अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्क तुटला आहे, आणि इथल्या अधिकार्‍याला वाटतंय की धोका आहे. वर्ग एकदम गप्प झाला. निसर्गनंतर कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईल बंद, मुंबईच्या चाकरमान्यांना घरचे जिवंत आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. "आमच्याकडे अकरा नंबर होता," टेबलाखाली बसणारी मुलगी म्हणाली, "बाबांचा फोन पाच दिवसांनी लागला." मग ज्याच्या त्याच्या घरी अकरा नंबर किती दिवस होता ते सांगण्याची चढाओढ लागली. तिला पहिल्यांदाच एवढं बोलताना ऐकलं असं वहिनी नंतर म्हणाली. पावसात पत्रा वाजला की अजूनही ती दचकते, पण जागेवर बसते.

प्लास्टिकच्या चकत्या वहिनीने कपाटात ठेवून दिल्या. पुढच्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, अरबी समुद्रात बिपरजॉय आलं. रोज बातम्या, रोज घरोघरी काळजी, इकडे वळतंय की तिकडे. १५ जूनला शाळा सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी ते कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. दुपारी वहिनीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. नवीन चौथी नकाशाभोवती वाकलेली. नकाशा अलिबागला संपतो म्हणून वर जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवून त्यावर पोरांनीच गुजरात काढलेला, थोडा चपटा. चकती कच्छवर. दापोलीवरची टिकली चकतीच्या पार बाहेर, रंग उडून गुलाबी झालेली.